जित्याचा खांदा

माझ्या काकांनी आयुष्यात दोन कामं मनापासून केली. खुर्च्या विणल्या आणि लोकांना कामाला लावलं. पहिल्या कामावर घर कसंबसं चाललं, दुसऱ्यानं नाव झालं. खालच्या रस्त्यावर संस्थेची तीन मजली इमारत आहे. तिच्या दाराशी पितळी पाटी आहे आणि पाटीवर एक खुर्ची कोरली आहे. ती खुर्ची काकांची. नवख्या माणसाला वाटतं, हे कुठल्यातरी पुढाऱ्याचं ऑफिस असणार. खुर्ची म्हटलं की लोकांच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही.

लोक मला म्हणतात, तू त्यांची सख्खी पुतणी, शेजारच्याच खोलीत वाढलीस, तूच सांग संस्था कशी निघाली. मी सांगते. पण मी सांगायला लागले की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, म्हणून संस्थेच्या कार्यक्रमात मला कुणी माईक देत नाही. मी कपडे शिवते. उसवलेलं असेल तिथे उसवलंय म्हणायची सवय लागली आहे, तिला इलाज नाही.

आम्ही राहतो वर. उतारावर एकमेकांना चिकटलेली घरं आणि त्यांच्यामधून चढत जाणाऱ्या पायऱ्या. गाडी येईल असा रस्ता कधी नव्हता, आजही नाही. पायऱ्या मोजायच्या भानगडीत आम्ही कधी पडलो नाही. मोजल्या की जास्त लागतात. मधोमध एक सपाट जागा आहे, तिला आम्ही टप्पा म्हणतो. लोखंडी कपाटं, गॅसच्या टाक्या, माझं शिलाई मशीन, सगळं टप्प्यावर दम खाऊन वर आलेलं आहे. दवाखाना, बाजार, बस, नोकऱ्या, सगळं खाली. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. आजारी पडलं की मग कळतं आपण कुठे राहतो ते.

सुरुवात झाली गवंड्याच्या पायापासून. हा गवंडी आमच्या घराच्या वरच्या अंगाला राहतो. तरुण असताना परांचीवरून पडला आणि घोट्याच्या वर पाय मोडला. घरच्यांनी फळ्या बांधून आठ दिवस काढले, तोवर पाय काळानिळा पडला आणि अंगात ताप भरला. आता खाली न्यायचा कसा? पाठीवर घेतला की लोंबणारा पाय हलायचा आणि तो गुरासारखा ओरडायचा. खाटेवर घालावा तर वळणावर खाट वळत नाही. दारात माणसं जमली आणि जमलेली माणसं करतात तेच करायला लागली, म्हणजे सल्ले द्यायला लागली.

काकांच्या दारात तेव्हा एका वकिलाची हातांची मोठी खुर्ची होती. बैठक नव्यानं विणून वाळत ठेवलेली. काकीनं खुर्चीकडे बघितलं, मग कपडे वाळत घालायच्या दोन बांबूंकडे बघितलं. ओले कपडे बादलीत टाकले आणि बांबू काढून काकांच्या हातात दिले. काका पुढे जन्मभर सांगत राहिले की कल्पना माझी. काकी म्हणायची, "असू दे. बांबू माझे होते."

खुर्चीच्या हातांखाली बांबू बांधले, चौघांनी खांदे दिले आणि निघाले. आणि पहिल्याच खेपेला काकांनी जी चूक केली ती खुर्च्या विणणाराच करू जाणे. खुर्ची म्हणजे समोर तोंड करून ऐटीत बसायची वस्तू, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. म्हणून गवंड्याला त्यांनी जायच्या दिशेला तोंड करून बसवलं. उतारावर पुढचे दोघं खाली, मागचे दोघं वर, त्यामुळे खुर्ची पुढे कलली. टप्प्याच्या आधीच्या वळणावर गवंडी बैठकीवरून सुटला तो थेट पुढे खांदा दिलेल्या लंबूच्या पाठीवर. लंबू म्हणजे आमचा नळवाला, दारातून आत येताना मान वाकवून येणारा. तो अजून सांगतो, "मला वाटलं मागून कोणीतरी शाबासकी देतंय. मग ती शाबासकी गळ्याला मिठी मारून बोंबलायला लागली."

टप्प्यावर खुर्ची उलटी फिरवली. माणसाचं तोंड वर, घराकडे, आणि पाठ खालच्या जगाकडे. आता खुर्ची कलली तरी माणूस मागे रेलतो, सांडत नाही. तेव्हापासून तो नियमच झाला. उतरताना असो नाहीतर चढताना, बसणाऱ्याचं तोंड कायम वरच्या अंगाला. उंच माणसं खालच्या बाजूला, बुटकी वरच्या बाजूला.

वकिलानं ती खुर्ची परत घेतली नाही. आजारी माणूस बसला त्यावर, म्हणाला. संस्थेच्या पुस्तिकेत छापलंय की एका दानशूर विधिज्ञांनी पहिली खुर्ची भेट दिली. असेल बाई.

गवंड्याचा पाय वाचला, पण आखूड झाला. काही महिन्यांनी एका बाळंतिणीला खाली न्यायचं होतं, तर हा लंगडत लंगडत खांदा द्यायला हजर. कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्या प्रत्येक पावलाला खुर्ची एका बाजूला बुडायची आणि ती बाई कळा सोडून शिव्या द्यायला लागली. काका ओरडले, "उपकार फेडायला आलास का तिला पाडायला?" तरी त्याला हाकललं नाही. दुसऱ्या बाजूला त्याच्याच उंचीचा माणूस लावला आणि बांबूखाली फडक्याची चुंबळ दिली. मग रीतच पडली. ज्या घरातलं माणूस खुर्चीत बसलं, त्या घरानं पुढच्या वेळी एक खांदा द्यायचा. आभार मानायचे नाहीत, खांदा द्यायचा. काका दारात उभे राहून दोन बांबू एकमेकांवर आपटायचे, आणि तो आवाज ऐकला की हातातलं काम टाकून माणसं यायची. कुणी कुरकुरलं तर काका म्हणायचे, "मढ्याला खांदा द्यायला अख्खी वस्ती धावते. जित्याला द्यायला काय जड जातं रे?" त्यावरून लोकांनीच नाव ठेवलं, जित्याचा खांदा.

बाकीची संस्था दवाखान्याच्या बाकावर जन्माला आली. पेशंट आत गेला की चार माणसं बाहेर रिकामी बसायची, आणि चार रिकामी माणसं एकत्र आली की एक तर पत्ते निघतात नाहीतर तक्रारी. पत्ते कुणाकडे नव्हते. पायऱ्यांना कठडा का नाही, वर नळ का नाही, पोरं पावसाळ्यात शाळा का बुडवतात. काका म्हणायचे, बोलताय कशाला, करूया. कठडा गवंड्यानं बांधला. नळ लंबूनं ओढून आणला. आमच्या आईनं दारातच पोरं सांभाळायला सुरुवात केली. काकांनी कोळशानं घराच्या भिंतीवर खूण काढली होती: एक खुर्ची, तिचं तोंड चढणीकडे, दोन बांबू आणि चार टोकांना चार काड्या, काड्यांवर ठिपके. ठिपके म्हणजे डोकी. "हा काय कोळी काढलाय का?" असं येणारा प्रत्येक जण विचारायचा, आणि काका दर वेळी तितक्याच चिडून समजावून सांगायचे.

मग मॅडम आल्या. समाजसेवेचं शिक्षण घेतलेल्या, सडसडीत, बोलायला गोड. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलेन अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांची निराशा होईल. पहिली काही वर्षं ती बाई रोज पायऱ्या चढून वर आली. दोनदा तिनं स्वतः खांदा दिला, आणि मग आम्हा बायकांनाही वाटलं की आपण का नाही. एका म्हाताऱ्यानं नाक मुरडलं, बाईमाणसानं खांदा द्यावा का म्हणून. काका माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिनं शिलाई मशीन डोक्यावर वर आणलं तेव्हा कुठे होतास?" तेव्हापासून मी बुटक्यांच्या बाजूला, काकांच्या जोडीला.

मॅडमनी संस्था रीतसर नोंदवली. नाव तीन जड शब्दांचं मिळालं, मला अजून एका दमात घेता येत नाही. बोधचिन्ह एका चित्रकाराकडून करून घेतलं. सोनेरी खुर्ची, मागे उगवता सूर्य, आणि खुर्चीचं तोंड पुढे, प्रगतीकडे. बांबू गेले, काड्या गेल्या. "काका, लहान आकारात ती माणसं मुंग्यांसारखी दिसतात हो," मॅडम म्हणाल्या. ते खरंच होतं, मी पाहिलं होतं.

काकांनी चित्र हातभर लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "झकास!" त्यांना खरंच आवडलं होतं. आपल्या हातची खुर्ची सोन्याची झालेली कुणाला नाही आवडणार? फक्त काकीनं विचारलं, "ह्यातली माणसं कुठे गेली?"

"माणसं असतातच गं," काका म्हणाले. "दाखवायला कशाला हवीत?"

मला त्या दिवशी काकांचा राग आला, मॅडमचा नाही. पण त्याच दिवशी संस्थेनं त्यांचा सत्कार ठेवला होता, आणि सत्कार होत असलेल्या माणसाला कोण बोलणार? काका नवा सदरा घालून बसले होते आणि फोटो काढणारा त्यांना सांगत होता, जरा हसा.

संस्थेनं वाईट काही केलं नाही, अडचण तिथेच आहे. वाईट केलं असतं तर शिव्या घालून मोकळे झालो असतो. तिनं पोरांना वायरमनचं, गाड्या दुरुस्तीचं, कॉम्प्युटरचं काम शिकवलं. पोरींना नर्सचं. पोरं हुशार निघाली. त्यांना खाली नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, आणि ज्याच्या बायकोनं एकदा सपाट रस्त्यावर भाजी आणून बघितली तो परत वर येतोय कशाला? एकेक घर उतरत गेलं. कडीला कुलूप, कुलपाला गंज. वर उरलो ते ज्यांना खाली जाणं जमलं नाही असे आम्ही, आणि आमची गुडघेदुखी. तशात एका वर्षी संस्थेनं अहवालात लिहिलं की खुर्चीच्या फेऱ्या कमी झाल्या, म्हणजे वस्तीचं आरोग्य सुधारलं. वाचून मी इतकी हसले की सुई बोटात गेली.

दोन वर्षांपूर्वी काकीच्या पायांवर सूज आली, मग तोंडावर. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलला. "एखादी वेळ चुकली तर सांभाळून घेऊ. लागोपाठ चुकल्या तर माझ्या हातात काही राहणार नाही."

काकी चिमणीएवढी बाई. पण त्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती, गमतीनंसुद्धा नाही. काकांनी तिच्यासाठी बैठक नव्यानं विणली. वेत भिजत घातला, पट्ट्या काढल्या, जुन्या भोकांमधून ओवत दोन दिवस बसले. गिऱ्हाइकाची बैठक ते टणक ताणायचे, बोट मारलं तर वाजली पाहिजे. आजाऱ्याची मात्र जरा सैल, माणूस आत रुतला पाहिजे. काकीची त्यांनी इतकी सैल विणली की ती बसली आणि म्हणाली, "अहो, झोळी केलीत की खुर्ची?" पण उठली नाही.

पहिले काही महिने ठीक चाललं. लंबू होता, गवंडी होता, पलीकडचे दोघं निवृत्त शिपाई होते, मी होते. काका स्वतः सत्तरीच्या पुढचे, त्यांना आम्ही खांदा देऊ द्यायचो नाही. ते पुढे चालून वाटेतले दगड बाजूला करायचे. खाली संस्थेची गाडी उभी असायची, वेळेवर, एकदाही चुकली नाही. तिच्या दारावर सोनेरी खुर्ची रंगवलेली. ड्रायव्हर चांगला होता, काकीला हात देऊन आत बसवायचा.

मग एका शिपायाला त्याच्या मुलीनं खाली नेलं. दुसऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. काका बांबू आपटायचे. आधी दारं उघडायची, मग नुसत्या खिडक्या उघडायला लागल्या. माणसं खिडकीतून बघायची आणि मान खाली घालायची. वाईट माणसं नव्हती ती. एका दारातून आवाज आला, "काका, माझाच कंबरेचा पट्टा सुटत नाही. मलाच न्या कोणीतरी." काका मागे वळले आणि त्यांनी बांबूचं एक टोक आपल्या खांद्यावर घेतलं. त्या दिवसापासून आम्ही चौघं. खालच्या बाजूला लंबू आणि गवंडी, वरच्या बाजूला मी आणि काका.

आम्ही काही केलं नाही असं नाही. खाली खोली बघितली. आजारी म्हातारीला तळमजल्यावर खोली देणारा घरमालक अजून जन्माला यायचाय. एकानं दिली, तर तिथे भिंतीला हात लावला की हात ओला व्हायचा. काकी तिथे खोकून खोकून अर्धी झाली आणि डॉक्टरनंच सांगितलं, हिला इथे ठेवू नका. काकांचा मुलगा परगावी आहे, रोज फोन करतो. फोनवर चौकशी होते, उचलणं होत नाही. ज्या पोरांना काकांनी अंगाखांद्यावर खेळवलं त्यांनाही मी फोन लावले. एक-दोघं सुट्टीच्या दिवशी येऊन गेले. मशीनची वेळ कामाच्या दिवशी होती.

मॅडम स्वतः वर आल्या. त्यांचेही केस पिकलेत आता, टप्प्यावर बराच वेळ बसल्या. त्यांनी दोन माणसं पाठवून बघितली होती. एकाची पाठ धरली आणि विश्वस्तांनी ठराव केला की माणसं उचलून नेणं बंद. कुणी पडलं तर जबाबदारी कोणाची? "मी भांडले, काका," त्या म्हणाल्या. "मी एकटी पडले." आणि रडल्या. रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आमचा तोही मार्ग बंद झाला. काकांनीच त्यांना पाणी दिलं.

नंतरच्या एका खेपेला लंबूचा गुडघा मुडपला. खुर्चीचा एक पाय पायरीवर आपटला, काकीचं डोकं मागे आदळलं, बांबू गवंड्याच्या गळ्यावर घासला. कुणाला फार लागलं नाही. काकी म्हणाली, "माझी हाडं तरी वाजली, अजून जिवंत आहे म्हणायची." आम्ही हसलो. पण लंबू वर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि तो गप्प बसला तर समजावं की काहीतरी मोडलंय.

त्यानंतरची खेप शेवटची ठरली. सकाळचं ऊन होतं, पायऱ्या कोरड्या होत्या, सगळं बरं होतं. काकीला बसवलं, मी मागून तिच्या पोटाला ओढणी बांधली. उचलली. उतरायला लागलो. उतरताना बसणाऱ्याचं तोंड वर आणि वरच्या बाजूच्यांचं तोंड खाली, म्हणजे आम्ही दोघं आणि काकी अगदी समोरासमोर. मी पायाकडे बघून चालत होते. शेजारी काकांचा श्वास ऐकू येत होता, करवतीसारखा. वाटेत कुणाच्यातरी घरात टीव्ही चालू होता. टप्पा आला आणि काकी म्हणाली, "थांबा. खाली ठेवा."

आम्हाला वाटलं मळमळतंय. ठेवली. काका कठड्याला धरून उभे राहिले.

"आता मला घरी न्या," काकी म्हणाली.

"घरी?" काका म्हणाले. "अगं, गाडी येऊन उभी आहे. हॉर्न दिला त्यानं."

"ऐकलं मी. मला नाही जायचं."

"आज नको का? बरं वाटत नाही का?"

"आज नको, आणि परवाही नको."

लंबू म्हणाला, "वहिनी, माझ्यामुळे म्हणत असाल तर माझा गुडघा आता एकदम..."

"तुमचा गुडघा मी मागून ऐकते, भाऊजी, तो कसा आहे ते मला सांगू नका." मग ती काकांकडे बघून म्हणाली, "अहो, इतकी माणसं तुम्ही ह्यात बसवून नेलीत. कधी कुणाला विचारलंत का, की बसल्यावर काय दिसतं?"

काकांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. त्यांना बोलण्याइतका दमही नव्हता.

"तुमचं तोंड दिसतं. दुसरं काही दिसत नाही. मान वळवावी म्हटलं तर वळत नाही, डोळे मिटावे तर श्वास ऐकू येतो. गेल्या खेपेला तुमचे ओठ निळे झाले होते. आज पांढरे आहेत."

"मला काही होत नाही."

"होईल. ह्या पायऱ्यांवर होईल, आणि मी बांधलेली बसून बघत असेन. तुम्हाला मरताना मी ह्या खुर्चीतून बघणार नाही. एवढं माझं ऐका."

"आणि तू गेली नाहीस तर तू..." काका म्हणाले आणि थांबले.

"हो," काकी म्हणाली.

मग काका ओरडले. मी त्यांना तसं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. कठड्याला धरून, तोंड वर करून, बंद घरांकडे बघून ओरडले, "अरे, या रे कोणीतरी! एक जण या! एकच!" एका खिडकीतून एक म्हातारी डोकावली. ती एकटीच होती, तिला स्वतःला काठी लागते. तिनं हात जोडले आणि खिडकी तशीच उघडी ठेवून उभी राहिली.

गवंडी खुर्चीजवळ जमिनीवर बसला. "वहिनी, मी नेतो. पायाचं काय ते मी बघतो. तुम्ही नुसतं बसा." तो तेच तेच म्हणत राहिला आणि काकी त्याच्या डोक्यावर हात ठेवून 'हो रे, हो रे' म्हणत राहिली, पण तिनं आपलं म्हणणं बदललं नाही. लंबू पायरीवर तोंड फिरवून बसला होता. मला राग आला होता. कोणाचा ते अजून ठरवता आलेलं नाही. काकीचा, काकांचा, त्या सोनेरी चित्राचा, पोटापाण्याला लागलेल्या पोरांचा. एकाचाही धरून ठेवता येत नाही असा राग फार वाईट असतो.

शेवटी काकीच म्हणाली, "ऊन चढतंय. चला." आणि आम्ही तिला उचललं आणि वर निघालो. चढताना वरच्या बाजूच्यांची पाठ बसणाऱ्याकडे असते. आमची तोंडं तिला दिसली नाहीत, ते बरं झालं.

घरी आल्यावर काकांनी खुर्चीला बांधलेले बांबू सोडले नाहीत. खुर्ची तशीच दारात ठेवली. मग ते पुन्हा पायऱ्या उतरून ड्रायव्हरला सांगायला गेले. बऱ्याच वेळानं परत आले. मी विचारलं, "काय सांगितलंत?" तर म्हणाले, "तो म्हणाला पुढच्या वेळी ह्याच वेळेला येऊ ना? मी हो म्हटलं."

"हो का म्हटलंत?"

"मग काय म्हणू?" काका म्हणाले.

त्यामुळे पुढच्या वेळी गाडी आली. काकी तोवर खाटेवरच होती. अंगावर पाणी चढलं होतं, बोटातली अंगठी निघत नव्हती, बोलताना धाप लागत होती. काका दारात पाठ करून बसले होते. हातात वेताची पट्टी होती, ती ते नुसती धरून होते. लंबू आणि गवंडी सकाळीच येऊन ओसरीवर बसले होते, दोघांनी खांद्यावर फडकी घेतलेली. खाली हॉर्न वाजला.

कुणी उठलं नाही. काका तर हललेच नाहीत. मी काकीच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल. एकदा म्हणाली असती, चला, तर आम्ही चौघं मेलो असतो पण तिला नेली असती. ती काकांच्या पाठीकडे बघत होती.

"जा गं," ती मला म्हणाली. "ड्रायव्हरला सांग, उगाच थांबू नकोस. त्याला दुसरे पेशंट असतील."

मी चपला घातल्या आणि निघाले. हॉर्न दुसऱ्यांदा वाजायच्या आत खाली पोचले होते. एकट्या माणसाला उतरायला वेळ लागतो कुठे?